एकाच बीटवरचे दोघे

वाचकाचे पत्र :

‘आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची असून नाशिकमधील एका दैनिकात सहा वर्षे महापालिका बीट पाहते, म्हणजे महापालिकेच्या बातम्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. दुसऱ्या एका दैनिकात हेच बीट पाहणारे एक बातमीदार माझे कट्टर प्रतिस्पर्धी. आज त्यांची बातमी, उद्या माझी, असे चार वर्षे चालले. घंटागाडीच्या ठेक्याचे आकडे मी छापले, तर आठवड्याभरात त्यांनी कोणत्या प्रभागात गाडी किती दिवस फिरकलीच नाही याची नोंद छापली. पहिली दोन वर्षे आम्ही एकमेकांशी नीट बोलतही नव्हतो. मग एका पावसाळ्यात गोदावरीला पूर आला. ज्याच्यावरून नाशिककर पुराची उंची मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले त्या संध्याकाळी माझा फोन भिजून बंद पडला आणि त्यांनी आपली बातमी पाठवून होताच स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. तिथून सुरुवात झाली. आता आम्हाला लग्न करायचे आहे.

गेल्या महिन्यात आम्ही जेवायला बसलो असताना त्यांना एक फोन आला आणि नगररचना विभागातील एका फाइलची माहिती माझ्या कानावर पडली. मी ती बातमी केली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या पहिल्या पानावर लागली आणि आमच्या मुख्य बातमीदारांनी सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर विचारले, की ही आपल्याकडे का नाही. मी ‘चुकली’ एवढेच म्हटले. तेव्हापासून मला धड झोप नाही. मी माझ्या पेपरला फसवले का? त्यांचे म्हणणे असे, की त्यांना मुख्य बातमीदारपद मिळेपर्यंत, म्हणजे अजून वर्षभर, कोणालाच सांगायचे नाही आणि त्यानंतर मी आरोग्य-शिक्षण बीट किंवा पुरवणी घ्यावी. माझी समजूत काढताना ते असेही म्हणाले, की पुढची मोठी बातमी ते मला देतील. ज्या दोन मैत्रिणींना ठाऊक आहे त्या म्हणतात, हा तर सिनेमाच आहे, शेवट गोडच होणार. आईची चिंता निराळी आहे : दोघेही रात्री अकराला घरी येणार तर संसार कोण करणार, आणि घरी पेपर कोणाचा घ्यायचा? ताई, मी काय करावे? – एक बातमीदार, नाशिक’

सप्रेम नमस्कार.

तुमची झोप उडवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. तुम्ही तुमच्या पेपरला फसवलेले नाही. जेवताना कानावर पडलेली ती माहिती तुमची नव्हती आणि म्हणून ती तुमच्या पेपरचीही नव्हती. नगररचना विभागातील कोणी एक माणूस, कदाचित एखादा कारकून किंवा कनिष्ठ अभियंता, स्वतःची नोकरी पणाला लावून ती एका विशिष्ट बातमीदाराला सांगत होता, कारण अनेक महिन्यांच्या ओळखीनंतर त्याचा त्या एकाच माणसावर विश्वास बसला होता, आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला आणखी कोणी ऐकत आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. ती बातमी दुसऱ्या दिवशी दोन्ही दैनिकांत एकदम आली असती, तर दोन्हीकडच्या बातमीदारांशी बोलणारा कोण, हा प्रश्न विभागात लगेच उठला असता. शिवाय त्या माणसाने पुन्हा कधी कोणत्याच बातमीदाराला फोन केला नसता.

तुम्ही विचाराल, की हेच बोलणे मी सिटी बसमध्ये अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकले असते तर? तर तुम्ही तो धागा पकडून कामाला लागायला हवे होते, कागद शोधायला हवे होते, अधिकाऱ्यांना विचारायला हवे होते, आणि तसे केले नसते तर ती कसूर ठरली असती. बसमधला माणूस तुमच्यासमोर बोलताना तुमच्यावर विसंबलेला नसतो. तुमच्यासमोर बसलेल्या माणसाने मात्र फोन उचलला तो समोर प्रतिस्पर्धी बातमीदार बसलेली आहे हे विसरून. त्याला ते विसरता आले ते केवळ तुमच्या नात्यामुळे. त्या विसरण्याचा फायदा घेऊन मिळवलेली बातमी कितीही खरी असली, तरी ती मिळवण्याची रीत तुम्हाला आयुष्यभर टोचली असती.

त्या फोनबाबत त्यांचीही चूक झाली आहे आणि ती तुमच्या पत्रात कुठेच आलेली नाही. सूत्राचा फोन आल्यावर ताटावरून उठून बाहेर जाणे हे त्यांचे काम होते. तुम्ही महिनाभर स्वतःलाच दोष देत आहात, पण जे ओझे तुमच्या कानावर पडले ते त्यांच्या हलगर्जीपणामुळे पडले, आणि हे त्यांच्याशी स्पष्ट बोलायला हवे.

आता ‘चुकली’ या शब्दाविषयी. सर्वांसमोर दुसरे काहीही बोलणे तुम्हाला शक्य नव्हते हे मला समजते. परंतु तुमची झोप गेली ती बातमी न केल्यामुळे नव्हे, या शब्दामुळे गेली, असे मला तुमचे पत्र वाचताना सतत वाटत राहिले. बातमी न करणे हा तुमचा निर्णय होता आणि तो विचारपूर्वक घेतलेला होता. ‘चुकली’ म्हटल्याने तो निर्णय गाफीलपणा ठरला, आणि तुमच्या मुख्य बातमीदारांसमोर तुमच्या कामाविषयी एक खोटी नोंद झाली. असे प्रसंग पुढे येतच राहणार. प्रत्येक वेळी एक तर तुम्ही त्यांच्या सूत्राचा विश्वास मोडाल, नाही तर तुमच्या पेपरशी अर्धे बोलाल. तुमचे नाते गुप्त आहे आणि तुम्ही दोघे एकाच बीटवर आहात, तोवर यातून तिसरी वाट नाही.

तुमच्या मैत्रिणी याला सिनेमा म्हणतात त्यात त्यांचा दोष नाही. प्रतिस्पर्धी पत्रकारांची प्रेमकथा पडद्यावर अनेकदा रंगली आहे, आणि अशा गोष्टी मीही आवडीने पाहत आले आहे. ती रंगते याचे कारण खरे आहे. हाती घेतलेला घास टाकून अग्निशामक दलाच्या गाडीमागे का धावायचे, रात्री साडेदहाला शहर आवृत्ती सुटेपर्यंत जीव खालीवर का होतो, आपले नाव छापून आले तरी त्याखाली एक चुकीचा आकडा गेला म्हणून दिवस का वाया जातो, हे घरच्यांना समजावून सांगावे लागते, पण त्याच बीटवरच्या दुसऱ्या माणसाला एका शब्दाविना कळते. त्याहून मोठी गोष्ट अशी, की प्रतिस्पर्ध्याइतके लक्षपूर्वक आपल्याला कोणीच वाचत नाही. चार वर्षे रोज सकाळी, चहाच्याही आधी, तुम्ही त्यांचा अंक उघडून त्यांची प्रत्येक ओळ तपासत होता, कोणत्या वाक्यामागे कोणता अधिकारी असेल याचा अंदाज घेत होता, आणि ते तुमच्या बाबतीत तेच करत होते. पुराच्या संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा तुम्ही एकमेकांना पुष्कळ ओळखत होता. या प्रेमाचा पाया भक्कम आहे आणि ते जपण्यासारखे आहे, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगते.

मात्र अशा सिनेमांचे कथानक दोन खांबांवर उभे असते. पहिला खांब लपवाछपवीचा : एकाने दुसऱ्यापासून किंवा दोघांनी जगापासून काहीतरी दडवलेले असते, आणि ते उघडे पडले की रुसवाफुगवी, धावपळ, गैरसमज, सगळी गंमत त्यातून निघते. दुसरा खांब त्यागाचा : शेवटाकडे कोणीतरी हातातली मोठी बातमी प्रेमासाठी सोडून देतो किंवा दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयात सकाळची मीटिंग कशी झाली, हे दाखवण्याआधी पडदा पडतो. तुम्हाला मात्र त्या मीटिंगला रोज जायचे आहे. आणि तुमच्या होणाऱ्या जोडीदाराने तुमच्यापुढे ठेवलेल्या योजनेत हे दोन्ही खांब जसेच्या तसे आहेत : वर्षभर लपवायचे, आणि भरपाई म्हणून एक मोठी बातमी भेट द्यायची.

या भेटीला तुम्ही ठाम नकार द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते हे मायेने म्हणाले असतील याबद्दल मला शंका नाही. तुमची मान मीटिंगमध्ये खाली गेली याचे त्यांना वाईट वाटले आणि हातात जे सर्वांत मौल्यवान होते ते त्यांनी देऊ केले. परंतु ती वस्तू द्यायला ते मालक नाहीत. तिच्यावर सूत्राचा हक्क आहे, कारण त्याने ती त्यांना सांगितली. त्यांच्या दैनिकाचा आहे, कारण त्या दैनिकाच्या पगारावर आणि नावावर ती मिळाली. आणि वाचकाचा आहे, ज्याला ती तपासून, वेळेवर, जबाबदारीने मिळायला हवी. ज्या दिवशी तुम्ही ती भेट घ्याल त्या दिवसापासून तुमच्या स्वतःच्या कष्टाने मिळवलेल्या बातमीवरही तुमचाच विश्वास राहणार नाही. लोकांना कधी कळले, तर गेल्या सहा वर्षांतली तुमची प्रत्येक बातमी ‘तिला त्याने दिली असेल’ या एका वाक्यात निकालात निघेल. बाईच्या कामाबद्दल हे वाक्य किती सहज उच्चारले जाते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

आणखी एक धोका आहे, जो मला बातमी चोरण्यापेक्षा अधिक मोठा वाटतो, कारण तो दिसत नाही. प्रेमात पडलेले दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना फसवत नाहीत, ते एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात. आज थकलो आहोत, ही बातमी दोघेही उद्या देऊ. तुझी मालिका चालू आहे, मी त्या विषयात शिरत नाही. पत्रकार कक्षात साधी प्रेसनोट किंवा सभेच्या वेळा एकमेकांना देणे यात गैर काही नाही, ते सगळेच करतात, पण हळूहळू दोघांची धार एकाच वेळी बोथट होते आणि त्याची किंमत शहर मोजते. घंटागाडीचेच पाहा. तुम्ही ठेक्याचे आकडे काढलेत म्हणून ते इरेला पेटले आणि प्रभागाप्रभागात जाऊन नोंद घेऊन आले. त्या आठवड्यात नाशिककरांना एकाच विषयाच्या दोन बाजू कळल्या त्या तुमच्या चुरशीमुळे. मागचा सिंहस्थ कुंभमेळा २०१५ मध्ये झाला आणि पुढचा २०२७ मध्ये आहे. रस्ते, घाट, मलनिस्सारण, साधुग्रामाची जागा, यांवर होणारा खर्च आणि त्याच्या निविदा यांमुळे या काळात तुमच्या शहरात महापालिका बीटइतके महत्त्वाचे बीट दुसरे नसेल. अशा वेळी त्या बीटवर एकमेकांना सांभाळून घेणारे दोन बातमीदार असण्यापेक्षा एकमेकांना न ओळखणारे दोन बातमीदार असलेले शहराच्या हिताचे.

माणसांमधला जिव्हाळा आणि पेपरांमधली लढाई एकत्र नांदू शकते का, असा तुमचा मूळ प्रश्न असेल, तर मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासातले सर्वांत ठसठशीत उदाहरण तुम्हाला ठाऊकच आहे. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिलेले मित्र होते. मतभेद झाल्यावर आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि पुढची वर्षे या दोन पत्रांत जे द्वंद्व चालले त्यात कोणी कोणाची गय केली नाही. जून १८९५ मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. त्यांचे नाते मैत्रीचे होते, तुमचे वेगळे आहे, तरीही मला त्यातली एक गोष्ट तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते : त्यांची मैत्री आणि त्यांचे वैर दोन्ही जगजाहीर होते. कोण कोणाचा काय लागतो हे माहीत असलेल्या वाचकांसमोर ते भांडले. त्यामुळे त्या भांडणातल्या एकाही ओळीवर लुटुपुटूचा संशय कोणी घेतला नाही.

यावरून मी लपवण्याच्या प्रश्नाकडे येते, आणि इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रोमाइड, म्हणजे मजकुराचे फोटोकागद, कापून पाने चिकटवण्याचे दिवस होते तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होते. माझे पती त्याच शहरातल्या दुसऱ्या दैनिकाच्या टेबलावर रात्रपाळी करत. १९८९ मध्ये त्यांच्या गावी घरगुती पद्धतीने आमचे लग्न झाले आणि आम्ही ते कार्यालयांत सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काय आहे, योग्य वेळ आली की सांगू, असे आम्ही एकमेकांना म्हणत राहिलो. सात महिने गेले. १९९० च्या फेब्रुवारीतील विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर एका पक्षाच्या उमेदवारांची यादी आमच्याकडे रात्री उशिरा आली. ती फक्त आपल्याकडेच आहे अशा खात्रीने आम्ही ती पहिल्या पानावर लावली, आणि सकाळी तीच यादी माझ्या पतीच्या दैनिकातही होती. नेमके त्याच आठवड्यात कोणीतरी आमच्या लग्नाचे बोलले. पुढे निष्पन्न झाले, की पक्षाच्या कार्यालयातूनच ती यादी दोन्हीकडे पाठवली गेली होती, परंतु तोवर माझी बदली पाककृतींच्या पुरवणीत झाली होती आणि खुलासा झाल्यावरही मला परत कोणी बोलावले नाही. ‘काही नव्हते तर लपवले कशाला?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही नाही. मी त्या बदलीचा राग अनेक वर्षे बाळगला. परंतु संशयाला जागा आम्ही करून दिली होती, हे मान्य केल्याशिवाय मी तुम्हाला प्रामाणिक सल्ला देऊ शकत नाही.

तुमच्या बाबतीत तर गुपित वर्षभर टिकेल ही आशाच व्यर्थ आहे. तुम्ही राहता ते शहर मोठे असले तरी त्यातले पत्रकारांचे जग लहान आहे. शिवाय १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न करायचे ठरवलेत, तर ३० दिवस आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते. सरकारी कार्यालयांतले फलक वाचणे हे ज्यांचे रोजचे काम आहे अशा तुमच्याच सहकाऱ्यांपैकी कोणाच्या तरी नजरेला ती पहिल्या आठवड्यात पडेल. आपल्या लग्नाची बातमी आपल्या संपादकाला दुसऱ्याकडून कळणे, याच्याइतकी वाईट ‘चुकलेली’ बातमी दुसरी नसेल.

म्हणून येत्या पंधरवड्यात सांगा. आधी दोघांनी मिळून दिवस ठरवा आणि त्याच दिवशी आपापल्या कार्यालयात वेगवेगळे जाऊन बोला, म्हणजे एकीकडची कुजबुज दुसरीकडे आधी पोहोचणार नाही. तुम्ही प्रथम तुमच्या मुख्य बातमीदारांकडे जा आणि त्यांना सोबत घेऊन संपादकांकडे. तुमच्या मुख्य बातमीदारांना वगळून वर गेलात तर ते दुखावतील, आणि त्यांनी मीटिंगमध्ये तुम्हाला विचारलेला प्रश्न रास्त होता हे विसरू नका. काय सांगायचे तेही थोडक्यात ठरवून ठेवा : अमुक दैनिकातील अमुक बातमीदाराशी मी लग्न करणार आहे, आम्ही दोघे एकाच बीटवर आहोत, याचा कामावर परिणाम होऊ नये यासाठी काय करावे हे मला तुमच्याशी ठरवायचे आहे. नगररचनेच्या त्या बातमीविषयी त्यांनी विचारले, तर ती ‘चुकली’ नव्हती, ती माझ्या कानावर ज्या रीतीने आली त्या रीतीने आलेली बातमी मी वापरू शकत नव्हते, एवढे सांगा. फोन कोणाचा होता, काय बोलणे झाले, यातला एकही तपशील सांगू नका, कारण ते सूत्र तुमचे नाही. संपादक रागावतील, कदाचित थोडे दिवस तुमच्याकडे निराळ्या नजरेने पाहतील. तो राग सोसण्यासारखा आहे. तुम्ही स्वतःहून सांगितले ही गोष्ट कोणताही जाणता संपादक विसरत नाही.

मुख्य बातमीदारपद मिळेपर्यंत थांबण्याच्या त्यांच्या युक्तिवादाशी मी सहमत नाही. आज ते एका बीटचे बातमीदार आहेत. उद्या मुख्य बातमीदार झाले की कोणती बातमी कोणाला द्यायची, कोणती मोठी लावायची, कोणती थांबवायची, यात त्यांचा शब्द चालेल, आणि मग हे गुपित आजच्यापेक्षा कितीतरी जड होईल. ‘पद मिळाले आणि मग सांगितले’ हे लोक कसे वाचतील याचा विचार त्यांनी करावा. त्यांची भीती मला कळते. बढतीच्या वर्षात कोणाला वादळ नको असते. पण ज्या बढतीसाठी नाते दडवावे लागते ती बढती हाती आल्यावरही सतत राखण मागते.

त्यांच्या दुसऱ्या सूचनेने मला अधिक अस्वस्थ केले. दोघांनी एकाच बीटवर राहू नये, निदान पहिली काही वर्षे राहू नये, हे माझेही ठाम मत आहे आणि वर लिहिलेल्या सगळ्यातून तेच निघते. परंतु बीट सोडायचे तुम्हीच, आणि जायचे आरोग्य-शिक्षणाकडे किंवा पुरवणीकडे, हे त्यांनी परस्पर कसे ठरवले? तुम्ही हे बीट त्यांच्याइतक्याच निष्ठेने उभे केले आहे. लग्न झाले की बाईने जागा सोडावी ही समजूत किती जुनी आणि किती चिवट आहे, याचे एक उदाहरण देते. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी महिलेला १९८८ मध्ये लग्न केल्याच्या कारणावरून सेवेतून काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते उघड लिंगभेदाचे ठरवून तिला ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मधली पस्तीस-छत्तीस वर्षे मात्र कोणी परत देऊ शकले नाही. तो सरकारी सेवेचा खटला होता आणि तुमची नोकरी खासगी आहे, तरी घरातल्या घरात, प्रेमाने, न बोलता होणारा असा निर्णय कोणत्याही न्यायालयापुढे जात नाही, म्हणून तो घेण्याआधीच अडवावा लागतो.

तेव्हा त्यांच्यासमोर बसा आणि विचारा : तुम्ही जिल्हा परिषद किंवा न्यायालय बीट घ्यायला तयार आहात का? ते मुख्य बातमीदार होणारच असतील, तर तसेही त्यांना महापालिकेचे दैनंदिन बीट दुसऱ्याकडे सोपवावे लागेल, मग ते आताच का सोडू नये? कदाचित याचे त्यांच्याकडे चांगले उत्तर असेल. कदाचित त्यांनी या दिशेने कधी विचारच केला नसेल आणि तुम्ही विचारल्यावर ते लगेच तयार होतील; ज्या माणसाने पुरात आपला फोन प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला त्याच्याकडून मला तीच अपेक्षा आहे. परंतु ते चिडले, किंवा ‘तुझ्या कामाचे काय एवढे’ अशा अर्थाचे काही बोलले, तर लग्नाची तारीख काढण्याआधी तुम्हाला एक महत्त्वाची माहिती मिळालेली असेल, आणि ती कोणत्याही सूत्राशिवाय, थेट.

घरातल्या पथ्यांबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही दोघे अनुभवी आहात. सूत्राचा फोन आला की ज्याचा फोन त्याने गॅलरीत जायचे. एकमेकांचा लॅपटॉप आणि वही उघडायची नाही. न छापलेल्या बातमीवर चर्चा नाही, छापलेल्या बातमीवर हवी तेवढी. एक गोष्ट मात्र दोघांनी नीट समजून घ्यावी. नवराबायकोने विवाहकाळात एकमेकांना विश्वासाने सांगितलेले उघड करण्याची सक्ती, त्या दोघांमधलेच खटले वगळता, न्यायालयही करू शकत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ मध्ये ही तरतूद होती आणि २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती ठेवलेली आहे. पत्रकाराच्या सूत्राला मात्र आपल्याकडे न्यायालयात असे सर्वसाधारण संरक्षण नाही. प्रेस कौन्सिलच्या १९७८च्या कायद्यातील कलम १५(२) प्रमाणे सूत्र सांगण्याची सक्ती पत्रकारावर करता येत नाही, पण ते त्या कायद्याखालच्या कामकाजापुरते. म्हणजे तुमच्या घरातल्या बोलण्यापेक्षा तुमच्या सूत्रांचे बोलणे अधिक उघड्यावर आहे. जपायचे कशाला जास्त, हे यावरून ठरवता येईल.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. रात्री अकराला घरी येणाऱ्या दोघांचा संसार होतो, आमचा झाला. रात्री येणाऱ्याने भांडी घासायची आणि सकाळी उशिरा जाणाऱ्याने कणिक मळायची, असे आमच्याकडे होते, आणि त्यात कोण कोणत्या पेपरात आहे हे कधी आडवे आले नाही.

राहिला पेपरचा प्रश्न. दोन्ही घ्या. कार्यालयातून मिळणारी फुकट प्रत नव्हे, पेपरवाल्याला पैसे देऊन, कारण पैसे दिले की माणूस वाचकासारखा वाचतो. तुमच्या अंकाचे बिल त्यांनी भरावे आणि त्यांच्या अंकाचे तुम्ही. सकाळी दार उघडल्यावर कोणी कोणता आधी उचलायचा, ते मी तुम्हा दोघांवर सोडते.

तुमची,
ताई